लेकीला कॉन्टॅक्ट लेन्स हव्यात, तेही हॉस्टेलला जाताना. वापरणाऱ्यांनी अनुभव सांगा

सईची_आई | शुक्रवार, ११ जुलै, रात्री १०:१४

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसती वाचते आहे, धागा पहिल्यांदाच काढते आहे.

माझी लेक अठरा पूर्ण झाली. चष्मा चौथीपासून. आता दोन्ही डोळ्यांचा नंबर मायनस सहा, डाव्याला शिवाय सव्वाचा सिलिंड्रिकल, म्हणजे डोळ्याच्या असमान गोलाईचा नंबर. भरतनाट्यम शिकते, अकरा वर्षं झाली. नाचताना चष्मा काढावाच लागतो आणि मग तिला समोरचं काही म्हणजे काही दिसत नाही. स्टेजच्या कडेचे दिवे नुसते पिवळे गोळे दिसतात म्हणते. गेल्या गणपतीत मंडळाच्या कार्यक्रमात तिल्लाना करताना ती स्टेजच्या अगदी काठावर गेली होती. खाली बसलेल्या तिच्या गुरुताई हाताने "मागे हो, मागे हो" खुणा करत होत्या, त्याही तिला दिसल्या नाहीत. मृदंगाच्या आवाजावरून अंदाज घेत मागे आली. माझा जीव अजून थाऱ्यावर नाही.

तेव्हापासून लेन्सचा विषय चालू आहे. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात ती पुण्याला हॉस्टेलला जाईल. एका खोलीत चौघी, बाथरूम सामायिक, पाणी बहुतेक टँकरचं. आमच्या साताऱ्यातल्या एका चष्म्याच्या दुकानात गेलो, तर दहा मिनिटांत "वर्षाच्या लेन्स घ्या, एक बाटली सोल्युशन घ्या, झालं" असं सांगून मोकळे. मी न घेताच परत आले. एवढी नाजूक वस्तू डोळ्यात घालायची आणि दहा मिनिटं?

यांचं म्हणणं, दोन वर्षं थांबू आणि लेझर करून टाकू. मला समजत नाहीये. हॉस्टेलच्या मुलीने लेन्स वापराव्यात का? वापरल्या तर कुठल्या? आणि काय सांभाळायचं?

निशाचर_७८ | शुक्रवार, ११ जुलै, रात्री १०:३१

बिनधास्त घ्या ताई. चौदा वर्षं वापरतोय. हात स्वच्छ धुवा, बाकी काही होत नाही.

मनाली_तासगाव | शुक्रवार, ११ जुलै, रात्री १०:५०

हात धुण्यावरून माझा अनुभव सांगते. लग्नानंतर पहिल्याच वर्षी सासरी ठेचा करायला बसले. लवंगी मिरच्या डेखं काढून, मीठ घालून, खलबत्त्यात. नंतर साबणाने दोनदा हात धुतले, तेल लावून पुन्हा धुतले. रात्री लेन्स काढायला उजव्या डोळ्याला बोट लावलं आणि घर डोक्यावर घेतलं. लेन्स काढता येईना, ठेवता येईना. शेवटी सासूबाईंनी माझं डोकं धरलं, जाऊबाईंनी पापणी वर ओढून धरली, तेव्हा कुठे ती निघाली. एवढ्यावर संपलं नाही. सोल्युशनमध्ये रात्रभर ठेवून सकाळी तीच घातली तर पुन्हा आग. मऊ लेन्स सगळं शोषून घेते. ती जोडी फेकून दिली.

आता मिरचीच्या दिवशी दुपारीच लेन्स काढून ठेवते, मग स्वयंपाकाला लागते. कांदा मात्र लेन्स लावून चिरावा. डोळ्यात टिपूस येत नाही. आमच्याकडे पंगतीचा कांदा चिरायला मलाच बसवतात :)

विशाखा_ऑप्टोम | शुक्रवार, ११ जुलै, रात्री ११:४८

सईच्या आई, तुम्ही न घेता परत आलात हे फार बरं केलंत. मी नागपुरात ऑप्टोमेट्रिस्ट आहे. सतरा वर्षं लेन्स लावून देते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

चष्म्याचा नंबर म्हणजे लेन्सचा नंबर नव्हे. चष्म्याची काच डोळ्यापासून साधारण १२ मिलिमीटर लांब असते, लेन्स थेट बुबुळावर बसते. चार नंबरच्या वर गेलं की हा फरक मोजावाच लागतो. मायनस सहाच्या चष्म्याला लेन्स साधारण साडेपाचची येते. डाव्या डोळ्याला सिलिंड्रिकल आहे, तिथे तो नंबर भरून काढणारी टॉरिक लेन्स लागेल. शिवाय लेन्सची वक्रता आणि व्यास तुमच्या मुलीच्या डोळ्याला जुळायला हवेत. घट्ट बसली तर डोळ्याला हवा मिळत नाही, सैल बसली तर पापणी मिटताना सरकते. म्हणून चाचणीची लेन्स घालून वीस-पंचवीस मिनिटं बसवतात आणि मग स्लिट लॅम्पखाली, म्हणजे डोळा तपासायच्या सूक्ष्मदर्शकाखाली, ती कशी हलते ते बघतात. लेन्स काढल्यावर केशरी थेंब घालून निळ्या उजेडात डोळा तपासतात. कुठे बारीकसा ओरखडा असला तरी तो हिरवा चमकतो. आठवड्याने पुन्हा तपासणी. हे दहा मिनिटांत होत नाही.

"हवा" म्हटलं ते शब्दशः घ्या. बुबुळाच्या पुढचा पारदर्शक पडदा, कॉर्निया, त्यात रक्तवाहिन्या नसतात. म्हणून तर तो पारदर्शक आहे. प्राणवायू त्याला थेट हवेतून, अश्रूंमधून मिळतो. लेन्स म्हणजे त्यावर टाकलेलं पांघरूण. पांघरूण कितीही झिरझिरीत असो, चोवीस तास ठेवायचं नाही. वर्षानुवर्षं कमी हवेत राहिलेल्या डोळ्यात कडेने बारीक रक्तवाहिन्या कॉर्नियात शिरतात. रोज बघते मी हे.

वर्षभर वापरायच्या लेन्स हॉस्टेलच्या मुलीला मी देणार नाही. रोज नवी जोडी उघडायची आणि रात्री फेकायची, अशा डेली लेन्स मिळतात, टॉरिकमध्येही मिळतात. डबी नाही, सोल्युशन नाही, साठवणं नाही. महाग पडतात हे खरं.

राजा_शिरोळ | शनिवार, १२ जुलै, सकाळी ७:२०

विशाखाताई, माहिती चांगली आहे पण माणसं घाबरतील अशी आहे. माझ्या लेन्स महिन्याच्या, मी त्या दोन-दोन महिने वापरतो. कारखान्यात रात्रपाळी असली की घालूनच झोपतो. नऊ वर्षं झाली, एकदाही डोळा लाल नाही. ज्याला सोसतं त्याला सोसतं.

विशाखा_ऑप्टोम | शनिवार, १२ जुलै, सकाळी ९:०५

राजाभाऊ, महिन्याची लेन्स म्हणजे पाकीट फोडल्यापासून तीस दिवस. मधे आठ दिवस घातली नाही म्हणून पुढे आठ दिवस वाढत नाहीत.

आणि झोपण्याबद्दल. १९८९ मध्ये अमेरिकेत या प्रश्नाचा मोठा अभ्यास झाला, अजूनही त्याचे आकडे शिकवतात. मऊ लेन्स फक्त दिवसा घालणाऱ्या १०,००० माणसांत वर्षाला सुमारे ४ जणांना कॉर्नियाचा जंतुसंसर्ग झाला, घालून झोपणाऱ्या १०,००० मध्ये सुमारे २० जणांना. नव्या, जास्त हवा जाऊ देणाऱ्या लेन्स आल्या तरी झोपण्याचा धोका गेलेला नाही. झोपेत पापणी मिटलेली, उघडझाप नाही, अश्रू खेळत नाहीत, लेन्सखाली जे अडकलंय ते उबेत वाढतं. स्यूडोमोनास नावाचा जंतू असला तर एक-दोन दिवसांत कॉर्निया विरघळायला लागतो.

राजा_शिरोळ | शनिवार, १२ जुलै, सकाळी ९:४०

दहा हजारात वीस. म्हणजे ९,९८० जणांना काहीच होत नाही. मोटारसायकलवर याहून जास्त धोका आहे.

अनाम_गोदावरी | शनिवार, १२ जुलै, दुपारी १:३२

राजादादा, तुमच्यावर राग नाही. पण त्या आकड्याच्या आतून लिहिते आहे.

२०१६ चा पावसाळा. मी मुंबईत पीजीत राहायचे, पहिली नोकरी. सकाळी ६:४० ची लोकल पकडायची असायची, म्हणून लेन्स आधी घालून मग अंघोळ. डबी रोज रात्री बेसिनच्या नळाखाली धुवायचे, स्वच्छतेची हौस म्हणूनच! सोल्युशन संपत आलं की कालच्यातच थोडं नवीन घालायचे. यातलं काहीही मला चुकीचं वाटत नव्हतं. मला कुणी सांगितलंच नव्हतं.

जुलैमध्ये उजवा डोळा लाल झाला. वाटलं, डोळे आले. पीजीत दोघींचे आलेच होते. औषधांच्या दुकानातून थेंब आणले. दोन दिवस बरं वाटलं. नंतर कळलं, त्या थेंबांत स्टेरॉइड होतं. लाली दबली, आतलं वाढत राहिलं. पाचव्या दिवशी उजेड सहन होईना. मोबाइल उघडला तरी डोळ्यात सुई खुपसल्यासारखं. डोळा बघून कुणाला वाटणार नाही एवढी ती वेदना होती. रात्री भिंतीला कपाळ टेकून बसायचे.

पहिल्या डॉक्टरांनी नागीण समजून औषध दिलं. त्यात तीन आठवडे गेले. (असं निदान चुकणं या आजारात नेहमीचं आहे, हे मला पुढच्या डॉक्टरांनी सांगितलं. त्यामुळे मी कुणाला दोष देत नाही.) मग मोठ्या नेत्ररुग्णालयात कॉर्नियाचा वरचा थर खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली बघितला. ॲकॅन्थअमिबा. हा मातीत असतो, नळाच्या पाण्यात असतो, टाकीत असतो, पोहण्याच्या तलावात असतो. अडचणीत आला की स्वतःभोवती कवच करून बसतो आणि क्लोरीनलाही दाद देत नाही. एरवी आपण त्याच पाण्याने तोंड धुतो, काही होत नाही. लेन्स असली की तिच्यावर बसून तो कॉर्नियापर्यंत पोचतो.

सुरुवातीचे दिवस दर तासाला थेंब, दिवसा आणि रात्री. आई नाशिकहून येऊन राहिली. तिने स्टीलच्या डब्याच्या झाकणावर मोबाइल ठेवला होता, गजर वाजला की झाकण थरथरायचं. ती उठून दिवा न लावता, हाताने चाचपत माझी पापणी शोधायची. सात महिने औषध चाललं. डोळा वाचला, पण मधोमध पांढरा डाग राहिला. त्या डोळ्याने तक्त्यावरचं फक्त सगळ्यात वरचं मोठं अक्षर दिसायचं.

२०१८ मध्ये कॉर्निया बदलला. आता चष्म्याने बरंच दिसतं. तो कुणाचा होता ते सांगत नाहीत. कुणाच्या तरी घरच्यांनी त्या दिवशी, तशा अवस्थेत, फोन केला असेल. दर वर्षी त्या तारखेला मी देवापाशी एक निरांजन जास्त लावते.

सईच्या आई, लेन्स वाईट नाहीत. माझी धाकटी बहीण वापरते, मीच तिला शिकवलंय. पाणी. फक्त पाणी जपा.

मनाली_तासगाव | शनिवार, १२ जुलै, दुपारी १:५५

वाचून पोटात गोळा आला. तुमच्या आईंना माझा नमस्कार सांगा.

निशाचर_७८ | शनिवार, १२ जुलै, दुपारी २:१०

वर "हात धुवा, बाकी काही होत नाही" असं लिहिलंय ते मागे घेतो. चौदा वर्षं लेन्स घालूनच अंघोळ करतोय. उद्यापासून बंद.

प्र_भा_कुलकर्णी_सर | शनिवार, १२ जुलै, दुपारी ४:१८

आमच्या लहानपणी "डोळ्यात फूल पडलं" असं म्हणत. गावात दर दोन-चार घरांआड एक तरी माणूस असे. भाताचं पातं लागलं, उसाचं पान लागलं, डोळा लाल झाला की कुणी मध घाली, कुणी बाळंतिणीचं दूध घाली. मग ते फूल. अनाम ताईंनी जो पांढरा डाग लिहिला तेच हे. फुलासारखा सुंदर शब्द इतक्या वाईट गोष्टीला का दिला असेल, हे मला आजवर उमगलेलं नाही.

नेत्रदानाचा फॉर्म मी भरलेला आहे, पण नुसत्या फॉर्मने काही होत नाही. मृत्यूनंतर सहा तासांच्या आत घरच्यांनी नेत्रपेढीला कळवावं लागतं. तोवर पंखा बंद करायचा, पापण्या मिटून वर ओला कापूस ठेवायचा, डोक्याखाली उशी द्यायची. आमच्या घरी नेत्रपेढीचा नंबर फ्रिजवर चिकटवलेला आहे आणि सुनेला दाखवून ठेवला आहे.

ओंकार_डोंबिवली | शनिवार, १२ जुलै, सायंकाळी ६:०२

एक शंका. नळाचं पाणी नको हे समजलं. आमच्याकडे आरओ आहे, ते उकळून गार करून वापरलं तर? सोल्युशनची बाटली महाग पडते. मित्र सलाईन वापरतो.

विशाखा_ऑप्टोम | शनिवार, १२ जुलै, सायंकाळी ७:३६

नको ओंकार. आरओचं पाणी पिण्यासाठी शुद्ध आहे, निर्जंतुक नाही. उकळलंत तरी गार होताना, भांड्यात ओतताना पुन्हा जंतू येतात. शिवाय अश्रूंत मीठ असतं, साध्या पाण्यात नसतं. त्यामुळे साध्या पाण्यात मऊ लेन्स फुगते, आकार बदलतो, डोळ्याला चिकटून बसते. सलाईनने लेन्स खळबळता येते, पण ते जंतू मारत नाही, त्यामुळे रात्रभर त्यात ठेवणं म्हणजे न ठेवल्यासारखंच. गुलाबपाणी आणि थुंकी यांचा विषयही काढू नका. दोन्ही वापरणारे माझ्याकडे येऊन गेलेत.

अनाम ताई, तुम्ही लिहिलंत त्याबद्दल आभार. मी हे रोज सांगते, पण पांढऱ्या कोटातून सांगितलेलं लोक ऐकून सोडून देतात.

ऋतुजा_वर्धा | शनिवार, १२ जुलै, रात्री ९:१५

काकू, मी स्वतः हॉस्टेलवर आहे. नर्सिंगचं तिसरं वर्ष. महिन्याच्या लेन्स वापरते, डेली परवडत नाहीत. मी कसं करते ते सांगते, सईला वाचून दाखवा.

लेन्सचं काही म्हणजे काही बाथरूममध्ये करत नाही. माझ्या टेबलावर एक झाकणाचा डबा आहे, त्यात आरसा, सोल्युशन, टिश्यू पेपर. बेसिनवर साबणाने हात धुऊन येते आणि ते टिश्यूने पूर्ण कोरडे करते. ओला हात म्हणजे नळाचं पाणीच. टॉवेल नको, धागे लागतात. नेहमी उजवी आधी, मग डावी, म्हणजे अदलाबदल होत नाही. लेन्स बोटाच्या टोकावर ठेवून उजेडात बाजूने बघायची. वाटीसारखी दिसली तर सुलटी, बशीसारखी काठ बाहेर पडलेली दिसली तर उलटी. पहिल्या आठवड्यात मी दोनदा बशी घातली होती, दिवसभर डोळ्यात काहीतरी टोचतंय असं वाटत राहायचं.

रात्री काढल्यावर तळव्यावर ठेवून चार थेंब सोल्युशन टाकायचं आणि दुसऱ्या हाताच्या बोटाने हलकेच वीस अंक मोजत चोळायचं. "चोळण्याची गरज नाही" असं बाटलीवर लिहिलेलं असलं तरी चोळायचं. मग सोल्युशननेच खळबळायचं आणि ताज्या सोल्युशनमध्ये बुडवायचं. कालच्यात भर घालणं म्हणजे खरकट्या पाण्यात भांडी विसळणं. सकाळी लेन्स घातली की डबीतलं सगळं ओतून द्यायचं, सोल्युशननेच धुवायची, टिश्यूने पुसायची, झाकणं उघडी ठेवून टिश्यूवर पालथी. डबीच्या बुडाला मार्करने तारीख लिहिते. तीन महिने झाले की डबी कचऱ्यात.

सगळं मिळून पाच मिनिटं लागतात. रूममेट आधी हसायच्या, आता त्यातल्या एकीने माझं बघून तसाच डबा केलाय.

आणि चष्मा! चष्मा कायम सोबत हवा, तोही चालू नंबरचा. डोळा जरा लाल झाला, दुखला, धूसर दिसलं की लेन्स काढायची आणि चष्मा लावायचा. चष्मा नसला की मुली लाल डोळ्यात लेन्स तशीच ठेवतात, कारण काढली तर दिसतच नाही.

सह्यगिरी_ब्रनो | शनिवार, १२ जुलै, रात्री ११:२७

थोडं विषयांतर. मी नोकरीनिमित्त चेक प्रजासत्ताकात, ब्रनोला असतो. आपण सगळे ज्या मऊ लेन्स वापरतो त्या इथल्या माणसाने शोधल्या हे मला इथे येईपर्यंत ठाऊक नव्हतं. ओटो विख्टर्ले, रसायनशास्त्रज्ञ. त्याआधी १८८० च्या दशकापासून काचेच्या आणि पुढे कडक प्लास्टिकच्या लेन्स होत्या. पाणी धरून ठेवणारं मऊ प्लास्टिक त्यांच्याकडे तयार होतं, पण त्याची डोळ्याला न टोचणारी, गुळगुळीत काठाची लेन्स साच्यात होईना. १९५८ मध्ये राजकीय कारणावरून त्यांना प्रागच्या संस्थेतून काढलं होतं. १९६१ च्या नाताळात घरी, स्वयंपाकघरात, मुलाच्या मेर्कूर नावाच्या खेळण्याच्या पट्ट्या-स्क्रू जोडून आणि सायकलचा डायनॅमो लावून त्यांनी फिरतं यंत्र केलं. साचा गरगर फिरवला की पातळ प्लास्टिक आपोआप वाटीचा आकार घेतं. पहिल्या चार लेन्स तिथे झाल्या. अमेरिकेत १९७१ मध्ये विक्रीला मंजुरी मिळाली.

आता धाग्याच्या विषयावर. इकडे मी हायड्रोजन पेरॉक्साइडची पद्धत वापरतो. सोबत खास डबी येते, तिच्या तळाशी प्लॅटिनमची चकती असते, तिच्यामुळे पेरॉक्साइडचं सहा तासांत साधं पाणी आणि प्राणवायू होतो. सफाई उत्तम होते. पण ते द्रव थेट डोळ्यात गेलं तर भाजतं, आणि साध्या डबीत कधीही ओतायचं नाही. एकदा सुट्टीवर घरी आलो होतो, आईने बाटली बघून "हेच का तुझे डोळ्याचे थेंब?" म्हणत हातात घेतली होती. तेव्हापासून बाटलीवर मराठीत मोठ्या अक्षरात "डोळ्यात घालू नये" लिहून ठेवतो.

फातोर्ड्याची_नीलम | रविवार, १३ जुलै, सकाळी ८:४४

गोव्यातून लिहिते. आमच्याकडे पाहुणे आले की पहिलं काम समुद्र. लेन्स घालून पाण्यात उतरू नका, मी दोनदा सांगते, तरी एक लाट येते आणि एक लेन्स जाते. मग माणूस एका डोळ्याने किनारा शोधतो. नंबरचे पोहण्याचे गॉगल मिळतात, माझे साडेतीनचे आहेत. विहीर, धबधबा, तलाव, सगळीकडे हाच नियम. पावसात गाडीवर भिजायची वेळ येईल असं वाटलं तर मी त्या दिवशी चष्माच लावते.

बाप्पा_मोरया_२२ | रविवार, १३ जुलै, सकाळी १०:०९

रंगपंचमी आणि विसर्जनाचा गुलाल पण लिहा. पुण्यात मिरवणुकीत ढोल वाजवतो. आमच्या पथकात लेन्सवाल्यांना त्या दिवशी चष्माच. गुलाल लेन्सखाली गेला की चोळू नये असं कितीही वाटलं तरी हात जातोच.

शर्वरी_एस | रविवार, १३ जुलै, सकाळी ११:३०

मला नंबर नाही. बहिणीच्या लग्नात फक्त फोटोसाठी राखाडी लेन्स घालायच्या आहेत. पार्लरवाली ताई म्हणते तिच्याकडे आहेत, सगळ्यांना त्याच देते. मला तर हे सगळं पाळायची गरज नाही ना?

विशाखा_ऑप्टोम | रविवार, १३ जुलै, दुपारी १२:१५

शर्वरी, कृपा करून नको. एकीच्या डोळ्यातली लेन्स दुसरीच्या डोळ्यात कधीच जाता कामा नये. तिचे जंतू तुझ्या बहिणीच्या लग्नात तुझ्या डोळ्यात. बिननंबरची असली तरी लेन्स ती लेन्सच. हवी असेल तर डोळे तपासून, तुझ्या मापाची, स्वतःची, डेली घे.

कोन_बुबुळ | रविवार, १३ जुलै, दुपारी ३:४०

सईच्या आई, एक विचारतो. तिचा सिलिंड्रिकल गेल्या दोन वर्षांत वाढलाय का? आणि ती डोळे फार चोळते का?

विचारायचं कारण, माझं असंच सुरू झालं. दर सहा महिन्यांनी सिलिंड्रिकल वाढायचा, आम्ही चष्मा बदलत राहिलो. केराटोकोनस निघाला. कॉर्निया पातळ होऊन शंकूसारखा पुढे येतो. ॲलर्जीमुळे मी डोळे मुठीने चोळायचो, तेही त्याला खतपाणीच. वेळेत कळलं तर सी थ्री आर नावाचा, कॉर्निया बळकट करणारा उपचार करून थांबवता येतं. मला उशीर झाला. आता सेमी-सॉफ्ट लेन्स घालतो, नावाला सॉफ्ट पण कडक, छोट्या. पहिले पंधरा दिवस डोळ्यात खडा असल्यासारखं, पण त्या घातल्या आणि झाडाची पानं सुटी दिसली. चष्म्याने ती कधी दिसली नव्हती.

कॉर्नियाचा नकाशा काढतात, टोपोग्राफी म्हणतात, काही मिनिटांचं काम, डोळ्याला हातही लागत नाही. एकदा करून घ्या. काकांच्या मनात लेझर आहे म्हणता, त्याआधी तर ती लागतेच. केराटोकोनस असताना लेझर केलं तर डोळ्याचं नुकसान होतं.

राजा_शिरोळ | रविवार, १३ जुलै, रात्री ८:५२

काल दुपारपासून धागा उघडून बंद करतोय. अनाम ताई, मोटारसायकलचं बोललो ते चुकलं. काल रात्रपाळी होती, लेन्स काढून, चष्मा लावून गेलो. सहकारी म्हणाले, तुला चष्मा आहे हेच माहीत नव्हतं. पहाटे घरी आलो तेव्हा डोळे जळजळत नव्हते. नऊ वर्षं मी समजत होतो ती जळजळ पाळीची आहे.

विशाखाताई, तपासायला कधी जाऊ? लेन्स घालून जायचं की काढून?

विशाखा_ऑप्टोम | रविवार, १३ जुलै, रात्री ९:३०

याच आठवड्यात जा राजाभाऊ. लेन्स घालून जा म्हणजे कशी बसते ते त्यांना दिसेल, आणि चष्मा व डबी सोबत न्या. डबी दाखवायला लाजू नका.

सईची_आई | शनिवार, २६ जुलै, रात्री ९:०५

सगळ्यांचे मनापासून आभार. काय झालं ते सांगते.

पुण्याला जाऊन नीट तपासणी केली. कोन_बुबुळ, तुमचं वाचून त्या रात्री झोप लागली नाही, कारण सिलिंड्रिकल खरंच पाऊणचा सव्वा झाला होता. टोपोग्राफी केली. कॉर्निया ठीक आहे, सहा महिन्यांनी पुन्हा बघायचं ठरलं. लेझरचं यांनीच विचारलं. डॉक्टर म्हणाले, नंबर निदान वर्षभर स्थिर राहू दे, मग बोलू, आणि त्याच्या तपासणीआधी काही आठवडे लेन्स बंद ठेवावी लागेल. त्यामुळे तो विषय घरात मिटला.

ठरलं असं. हॉस्टेलवर, कॉलेजला चष्माच. लेन्स फक्त नाचाच्या दिवशी, रंगीत तालमीला आणि कार्यक्रमाला, आणि त्याही डेली. जोडीला शंभर-सव्वाशे रुपये पडतात, पण महिन्यातून पाच-सहाच लागतील. लेन्स आधी, मेकअप नंतर, आणि काढताना लेन्स आधी, मेकअप मागाहून, हे तिला तिथल्या मॅडमनी दोनदा म्हणायला लावलं. काजळ पापणीच्या आतल्या कडेला नाही, बाहेरून. भरतनाट्यमला डोळे तर मोठे रेखावेच लागतात, गुरुताई म्हणाल्या बाहेरून रेखलं तरी दहाव्या रांगेतून दिसतात.

तिथे शिकताना पहिल्या दिवशी पाऊण तास लागला. सईला काढताच येईना. बुबुळावर बोट नेलं की पापणी मिटायची. मला वाटलं मागे गेली की काय. मॅडम म्हणाल्या, काकू, मागे जायला वाटच नाही, पापणीच्या आतून डोळ्यापर्यंत पडदा शिवलेला आहे, फार तर वर सरकून बसेल. मग जीव भांड्यात पडला. वर बघ, खालची पापणी ओढ, लेन्स पांढऱ्यावर सरकव, चिमटीत धर. सातव्या खेपेला जमलं.

काल संध्याकाळी गुरुताईंकडे पहिल्यांदा लेन्स घालून अलारिपू केला. त्यात डोळे इकडून तिकडे न्यायचे असतात. ते करताना ती मधेच थांबली. गुरुताईंनी विचारलं काय झालं. म्हणाली, "ताई, तुम्ही टाळ वाजवताना तोंडाने बोल म्हणता, ते ओठ मला आज दिसले."

अनाम_गोदावरी | शनिवार, २६ जुलै, रात्री ९:२२

सईला माझ्याकडून खूप आशीर्वाद. पाण्याचं सांगितलंत ना?

सईची_आई | शनिवार, २६ जुलै, रात्री ९:२६

तिने स्वतःच चिठ्ठी लिहून मेकअपच्या पेटीच्या झाकणाला आतून चिकटवलीय. "हात कोरडे. पाणी नाही. झोप नाही. चष्मा घेतला का?" खाली ऋतुजाची वाटी आणि बशी काढलीय.

ऋतुजा_वर्धा | शनिवार, २६ जुलै, रात्री ९:४१

फोटो टाका काकू, आमच्या हॉस्टेलच्या नोटीस बोर्डवर लावते.